ते हात बघायला शिक

तू आमच्या गटात नवीन आहेस, म्हणून आधीच सांगते: वर्णद्वेष म्हणजे फक्त शिवीगाळ, असं धरून चालू नकोस. जोड्या लावताना एकच मुलगी रोज उरते. तिच्या रंगावरून सगळे हसतात, तीही हसते, पण हात मात्र बाहीत ओढून घेते. ते हात बघायला शिक.

१९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. 'चांगली कोणती?' म्हटल्यावर बहुतेकांनी गोरी दाखवली. 'तुझ्यासारखी कोणती?' विचारल्यावर काहींना रडू फुटलं. इतक्या कोवळ्या वयात! शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या कामाचा संदर्भ आला.

कुणी रंगावरून मस्करी केली, तर शांतपणे विचार, 'म्हणजे काय?' समजावून सांगताना बोलणारा बहुतेकदा अडखळतो. पण भांडणाआधी त्या मुलीजवळ जाऊन बस. तिला काय हवंय ते विचार. तिच्या वतीने परस्पर ठरवू नकोस, ही चूक मी स्वतः केली आहे. पुन्हा घडलं तर तारीख आणि नेमके शब्द लिहून ठेव आणि तिला विचारून विश्वासातल्या मोठ्या माणसाला दाखव.