जुन्या मिक्सरचे ब्रश बदलताना

मिक्सरमधून ठिणग्या दिसल्या म्हणजे मोटर जळालीच असं नाही. बहुतेकदा कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, संपत आलेले असतात. प्लग काढून ठेव, मग खालचे स्क्रू सोड. वायर सुटी करण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. रंग लक्षात राहतील असं मलाही वाटलं होतं!

ब्रश पाच-सहा मिलिमीटरच उरले असतील तर जोडीच बदल. एक नवा, एक जुना असं नको. दुकानात जुना ब्रश दाखवूनच माप घे. जाडीत जरा फरक पडला तरी तो होल्डरमध्ये अडकतो किंवा डुगडुगतो. स्प्रिंग ढिली पडली असेल तर तीही घे. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळवंडलेला असेल तर अगदी बारीक काचपेपर हलक्या हाताने फिरव. एमरी पेपर मात्र नको. त्याचे कण वीज वाहून नेऊ शकतात आणि पट्ट्यांमधल्या खाचांत बसतात.

कडक होऊन तडकलेली मेन कॉर्ड आताच बदल. आणि ओव्हरलोडचं लाल बटण सारखं उडतं म्हणून ते बायपास करू नकोस, कोणी मेकॅनिकने सुचवलं तरी. आधी भांड्याची बेअरिंग हाताने फिरवून बघ, बऱ्याचदा तीच जाम असते.

शेवटी भांडं न लावता एकेक मिनिट थांबून थांबून चालव. ब्रश बसेपर्यंत थोड्या ठिणग्या दिसतील.