डोळे रस्त्यावर, लक्ष फोनवर

प्रश्न : माझे यजमान रावेर-सावद्याकडची केळी रात्री पिकअपमधून जळगावला पोहोचवतात. गाडी चालवताना ते कानात ब्लूटूथ लावून व्यापाऱ्यांशी भावाची बोलणी करतात. "हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, शेजारच्या क्लीनरशी बोलतोच, मग फोनने काय बिघडते?" असे ते विचारतात. मला उत्तर देता येत नाही.
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. डोळे जिथे असतात तिथे लक्षही असतेच, असे तुमचे यजमान गृहीत धरतात, आणि नेमके तेच खरे नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून एका संघाच्या फेका मोजायला सांगितले होते. मधूनच गोरिलाचा वेश घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, तरी सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती जाणवलीच नाही. त्यांच्या दृष्टीत दोष नव्हता. लक्ष मोजणीत गुंतले होते.

यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये फोनचाच प्रश्न हाती घेतला. पडद्यावरच्या हलत्या लक्ष्याचा पाठलाग करायचा आणि लाल दिवा दिसताच कळ दाबायची, असे काम त्यांनी दिले. फोनवर बोलणाऱ्यांकडून दिवे चुकण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले, आणि फोन हातात धरला होता की हात मोकळे होते, याने फरक पडला नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांची कामगिरी मात्र घसरली नाही, कारण रेडिओला उत्तर द्यावे लागत नाही. भाव ठरवताना समोरच्याचे बोलणे समजून घेऊन, हिशेब करून, शब्द जुळवावे लागतात, आणि या कामाला लागणारे लक्ष अचानक आडव्या आलेल्या माणसाची दखल घेणाऱ्या लक्षाच्याच मर्यादित साठ्यातून खर्च होते.

"रोज तर सुखरूप येतो," असे ते म्हणतील, आणि ते खोटे नाही. सरावाचा रस्ता फारसे लक्ष मागत नाही. परंतु मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली सरावात बसत नाही. तिच्यासाठी लक्ष त्याच क्षणी मोकळे असावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते.

क्लीनरचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण त्याचीही तपासणी झाली आहे. स्ट्रेयर यांच्या गटाच्या २००८ च्या अभ्यासात, सिम्युलेटरवर (गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर) फोनवर बोलणाऱ्या चालकांपैकी सुमारे निम्मे ठरलेल्या ठिकाणी वळायला विसरले. सोबत्याशी बोलणाऱ्यांत हे फारच थोड्यांचे झाले. सोबत्यालाही रस्ता दिसतो, त्यामुळे तो वळण दाखवतो आणि बोलणेही रहदारीकडे वळते. व्यापाऱ्याला समोरची ट्रॉली दिसत नाही.

आपल्याला दोन्ही जमते, असा विश्वास अनेकांना असतो. २०१० मध्ये २०० जणांची चाचणी घेतली, तेव्हा दोन्ही कामे एकत्र करूनही कामगिरी न घसरणारे केवळ अडीच टक्के निघाले. यजमान त्यांत असतील, यावर पैज लावू नये.

त्यांना व्यवहार सोडायला सांगू नका. ते मानणार नाहीत, आणि धंद्यात ते शक्यही नाही. फोन क्लीनरकडे द्यावा, त्याने निरोप घ्यावा, आणि फैजपूर किंवा भुसावळजवळ सुरक्षित जागी गाडी उभी करून यजमानांनी भाव बोलावा. निघण्याआधीच व्यापाऱ्यांना ही वेळ कळवली, तर वाटेत फोनही कमी येतील.