छातीत काही दुखत नाही, तरी रिपोर्टात ब्लॉकेज

"मॅडम, मला काही म्हणजे काही होत नव्हतं. रोज टेकडी चढत होतो. आणि आता म्हणतात, तीस ते चाळीस टक्के ब्लॉकेज आहे. म्हणजे मी कधीही जाऊ शकतो ना?"

मी पुण्यात हृदयरुग्णांसाठी समुपदेशन करते. पूर्वी माझ्याकडे येणारे बहुतेक जण अटॅक किंवा बायपास होऊन गेलेले असायचे. हल्ली काहीही न झालेले येतात. हातात चेकअपची फाइल असते आणि ओठांवर हाच प्रश्न. त्यातल्या एकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना भाऊ म्हणते, इथेही तेच म्हणते.

भाऊ ५४ वर्षांचे, शाळेत मुख्य लिपिक. तळजाईच्या टेकडीवर पहाटे फिरायला जाणारा त्यांचा सात-आठ जणांचा ग्रुप. त्यातला एक मित्र, सडपातळ, कधी ताप-खोकल्यालाही दवाखान्यात न गेलेला, दिवाळीनंतर एका पहाटे गेला. त्याचं तेरावं झालं आणि ग्रुपमधल्या सगळ्यांनी चेकअप करून घेतलं. भाऊंचा ईसीजी नॉर्मल, स्ट्रेस टेस्ट नॉर्मल. तरी मन मानेना. तपासणी मोठी, पण एकदाचा निकाल लागू दे म्हणून त्यांनी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन, केली आणि हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या धमनीत ते तीस-चाळीस टक्के निघाले. स्ट्रेस टेस्टने का नाही सांगितलं, हा राग त्यांच्या मनात होताच. खरं तर रक्त कमी पडायला लागलं की ती टेस्ट बोलते. त्यासाठी नळी बहुधा सत्तर टक्क्यांच्या आसपास अरुंद व्हावी लागते. त्याआधीच्या टप्प्यात ती नॉर्मल येणं ही टेस्टची चूक नाही.

ते पहिल्या मजल्यावर माझ्याकडे लिफ्टने आले. सोबत वहिनी. भाऊ बोलत असताना त्या मध्येच म्हणाल्या, "मी रात्री दोनदा उठते. यांच्या नाकाशी बोट धरते, श्वास चालू आहे का बघते."

भाऊ खाली बघत म्हणाले, "मला कळतं ते. झोपल्याचं सोंग घेतो. तिला बरं वाटावं म्हणून."

दोन महिने हे दोघं असे झोपत होते. टेकडी बंद, जिने बंद, पुतणीच्या लग्नात वरातीत चालणंसुद्धा बंद.

भाऊंनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली. बोटाला ऑक्सिमीटर लावून दिवसातून दहा-बारा वेळा नाडी मोजायची आणि वेळेसकट लिहून ठेवायची. कारकुनी हस्ताक्षर, रेघा मारून केलेले रकाने. मी ती वही सावकाश वाचली. एका पानावर होतं: रात्री ११.१०, नाडी ९०, भीती वाटली, गोळी घेतली. ११.२५, नाडी १०८, डोकं ठणकतंय, गरगरतंय. ११.४०, पुन्हा गोळी.

"कुठली गोळी, भाऊ?"

खिशातून कागदात गुंडाळलेली पट्टी निघाली. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट. डॉक्टरांनी दिलेली नव्हती. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं की चाळिशीनंतर प्रत्येकाने खिशात ठेवावी.

मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि वेळा वाचायला सांगितल्या. आधी काय लिहिलंय? गोळी. डोकं कधी ठणकलं? पंधरा मिनिटांनी. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. त्यामुळे रक्तदाब उतरतो, गरगरतं, डोकं ठणकतं आणि उतरलेला दाब सावरायला हृदय जोरात धावतं. भाऊंना वाटत होतं की अटॅकची सुरुवात झाली. ती गोळीचीच करणी होती आणि त्यावर ते आणखी एक गोळी घेत होते. त्यांच्या परवानगीने मी तिथूनच त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना फोन लावला. "छातीत दुखत नसताना ही गोळी घ्यायची नाही," हे भाऊंनी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

मग मुख्य प्रश्नाकडे आलो. काही त्रास नसलेल्या माणसाच्या धमनीत चरबीचे थर सापडणं किती विचित्र? भाऊ हिशेबातले माणूस, म्हणून त्यांना आकडेच दिले. स्वीडनमध्ये ५० ते ६४ वयाची, हृदयरोगाचा इतिहास नसलेली साधी माणसं लोकसंख्येतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि २५ हजारांहून अधिक जणांची सीटी अँजिओग्राफी केली. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ४२ टक्के लोकांच्या धमन्यांत थर होते. पण निम्मी किंवा त्याहून जास्त अरुंद झालेली धमनी फक्त ५ टक्क्यांच्या आसपास लोकांत सापडली. मुख्य धमनीला किंवा तिन्ही धमन्यांना धरलेला गंभीर आजार २ टक्क्यांहूनही कमी लोकांत होता.

"म्हणजे शंभरात बेचाळीस?" भाऊंनी वहीत लिहून घेतलं.

हो. आणि हे म्हातारपणी एकदम उगवत नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ मध्ये छापून आली. सरासरी वय बावीस. त्यांतल्या चारांपैकी तिघांच्या धमन्यांत या आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. ती पोरं बंदुका घेऊन डोंगर चढत होती.

मी लगेच हेही सांगितलं की स्वीडनचा आकडा उचलून आपल्याला लावता येत नाही, आणि आपल्या बाजूने सवलत तर मुळीच नाही. कॅनडातले हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ यांच्या पुढाकाराने ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला. बाकीच्या देशांत हेच वय ५९ च्या आसपास होतं. भाऊ ५४ चे. ही गोष्ट लपवून त्यांना धीर द्यायचा नव्हता. खोटा धीर दिला की माणूस दुसऱ्याच आठवड्यात गूगल करतो आणि मग आपल्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही.

"मग स्टेंट टाकून घेतो. एकदाचं मोकळं," ते म्हणाले.

हे वाक्यही मी नेहमी ऐकते. त्याच्या मुळाशी नळात गाळ साचल्याचं चित्र असतं. धमनी म्हणजे नळ नव्हे. थर नळीच्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत वाढतो आणि त्यावर एक पातळ आवरण असतं. पुष्कळदा अटॅक येतो तो हे आवरण फाटून, त्या जागी रक्ताची गुठळी होऊन. त्यामुळे लहान थरही कधी दगा देऊ शकतो आणि मोठा थर वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. स्टेंट एका जागेची नळी रुंद करतो. अटॅक चालू असताना तो जीव वाचवतो. पण ज्यांचा आजार स्थिर आहे अशा पाच हजारांहून अधिक रुग्णांवर इस्केमिया नावाची चाचणी झाली. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्या लोकांचा आजार भाऊंपेक्षा पुष्कळ पुढचा होता, तरी सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू आणि अटॅक यांचा एकूण धोका औषधांच्या तुलनेत कमी झाला नाही. आवरण घट्ट करायचं काम स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, साधी गोळी करते.

"ती दिलीय डॉक्टरांनी," वहिनी म्हणाल्या. "हे घेत नाहीत. लिव्हर जातं म्हणे."

मी गप्प राहिले, कारण मला अजून एक गोष्ट दिसत होती. सॉर्बिट्रेट काढताना त्याच खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी अर्धी वर आली होती. तीस वर्षांची सवय. न दिलेली गोळी, घ्यायची राहिलेली गोळी आणि तंबाखू, भाऊंचा सगळा आजार मला त्या एवढ्याशा खिशात दिसला. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांनाही अटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता. मी तेवढंच सांगितलं. पुडीकडे बोट दाखवलं नाही. भाऊंनी स्वतःच हात खिशावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

पुढच्या पाच भेटींत आम्ही भीतीला बाहेर काढायचं काम केलं. पहिल्यांदा माझ्यासोबत एक मजला चढायचा. वर गेल्यावर नाडी मोजायची नाही, फक्त बोलायचं. मग दोन मजले. मग डॉक्टरांनी हो म्हटल्यावर टेकडी, आधी निम्मी. वही बंद केली नाही, रकाने बदलले: स्टॅटिन घेतली का, किती वेळा तंबाखू, किती पावलं. स्टॅटिनबद्दल त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. लिव्हर तपासून गोळी सुरू झाली.

अटॅकची लक्षणं मात्र पाठ करून घेतली, कारण बेफिकिरीही मला नको आहे. छातीवर दाब, जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारं दुखणं, दरदरून घाम, आणि हे काही मिनिटांत थांबत नसेल तर गॅस समजून सोडा पीत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

तिसऱ्या महिन्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५२ वरून ७८ वर आलं. तंबाखू दिवसातून आठ वेळांवरून दोनवर आली, सुटलेली नाही. त्या दोनसाठी आम्ही अजून भांडतोय.

एक चूक माझीही झाली. चार भेटी वहिनी शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि मी त्यांना त्यांच्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं. पाचव्या भेटीत विचारलं. वय ५१, पाळी तीन वर्षांपूर्वी थांबलेली, आईला मधुमेह. साखर शेवटची कधी तपासली? धाकट्याच्या वेळी, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वी. स्वीडनच्या अभ्यासात बायकांच्या धमन्यांत थर पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षं उशिरा दिसले. उशिरा दिसले, पण दिसले. त्यात मधुमेह असला तर छातीत न दुखताही अटॅक येऊन जाऊ शकतो. घरातल्या बाईची फाइलच नसते, हे मला माहीत असायला हवं होतं.

परवा रात्री नऊला भाऊंचा मेसेज आला. "हिचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ७.४. घाबरू का?" तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा हा आकडा मधुमेहाचा होता.

मी लिहिलं, "घाबरू नका. सोमवारी दोघं या, रिपोर्ट घेऊन. आणि जिन्याने या."