कोरल या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो ट्रेस केला, म्हणजे फोटोवरून आपोआप रेघा काढून घेतल्या, की शेकडो नोड (रेघेवरचे बिंदू) येतात आणि वक्र खडबडीत दिसतात. नोड कमी करावेत की जास्त असलेलेच बरे? हँडल, म्हणजे नोडमधून निघणारी दांडी, नेमकं कसं ओढायचं?

नोड कमी करा. खरं तर ट्रेस केलेला आकार पुसून टाका, फोटो खाली लॉक करा आणि त्यावर नव्याने काढा. "जास्त नोड म्हणजे जास्त अचूक" हे वाक्य मी लातूरला ज्या दुकानात काम शिकलो तिथे रोज ऐकलंय. ते साफ चूक आहे, आणि तुमच्या प्रश्नात तेच पुन्हा वाचलं म्हणून सविस्तर लिहितोय.

त्या दुकानात रेडियम कटिंग, अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, एसीपीचे (अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलचे) बोर्ड अशी सगळी कामं चालायची. लातुरात क्लासवाल्यांच्या पाट्यांना तोटा नाही, जून जवळ आला की प्लॉटरला, म्हणजे रेडियम कापणाऱ्या मशीनला, उसंत नसायची. मालकांची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक मोबाईलवरून फोटो पाठवणार, तो कोरलमध्ये घ्यायचा, पॉवरट्रेस मारायचा आणि कटरला सोडायचा. मी एफ१० दाबून शेप टूल घेतलं आणि नोडला हात लावला की मागून आवाज यायचाच, "काय कोरीत बसलास रे? मशीन रिकामी हाय."

एकदा औशाकडच्या एका गावातून देवस्थानाच्या कमानीचं काम आलं. जुना बोर्ड कुण्या पेंटरने ब्रशने लिहिलेला होता. गावकऱ्यांची अट एकच, अक्षराचं वळण जुनंच पाहिजे. अक्षरं दोन दोन फुटांची आणि "श्री" त्याहून मोठा. फोटो मात्र खालून, तिरपा, संध्याकाळच्या उजेडात काढलेला. रंगाचे पोपडे निघालेले. मालकांनी नेहमीसारखा ट्रेस मारायला लावला. त्या "श्री"च्या वेलांटीला शेप टूलने हात लावला तर कडेवर गुळाला मुंग्या लागाव्यात तसे नोड. जिथे रंग उडाला होता तिथे ट्रेसने खाच पाडली होती. जिथे फोटो फाटला होता तिथल्या पिक्सेलच्या पायऱ्यासुद्धा इमानदारीने काढल्या होत्या.

ट्रेसला अक्षर दिसत नाही. त्याला गडद आणि फिकट यांच्यामधली कड दिसते, आणि त्या कडेत फोटोचे सगळे दोष असतात. जास्तीचे नोड म्हणजे त्या दोषांची नोंद. त्यात अचूकपणा कसला आला?

मी ती वेलांटी वेगळी काढली. बाहेरच्या कडेला एक नोड ती शिरोरेषेतून सुटते तिथे, एक सगळ्यात उंच बिंदूवर, एक ती कान्याला येऊन मिळते तिथे. आतल्या कडेलाही तसेच, बाहेरच्या नोडच्या समोरासमोर. हे समोरासमोर असणं फार महत्त्वाचं आहे. आतली आणि बाहेरची कड वेगवेगळ्या जागी वळली की ब्रशची जाडी मध्येच फुगते, मध्येच आवळते, आणि अक्षर आजारी दिसायला लागतं. उंच बिंदूवरची हँडलं पूर्ण आडवी ठेवली. कान्याशी मिळणारं हँडल कान्याच्या रेषेतच, उभं. त्यानंतर नोड जागचे हलवले नाहीत, फक्त हँडलं लांब-आखूड करत वक्र फोटोवर बसवला.

मालकांनी दोन्ही रेघा फोटोवर ठेवून बघितल्या. "तुझी रेघ इथं अर्धा सूत बाहेर हाय. ट्रेस बरोबर बसलाय."

म्हटलं, "मालक, तिथं रंग उडालाय. पेंटरचा ब्रश तिथून आत कशाला जाईल?"

"गिऱ्हाईकाला नोड दिसतेत का?"

आणि ट्रेसचीच फाईल सीएनसीवाल्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने अ‍ॅक्रिलिक कापून देणाऱ्याकडे, गेली. दुपारी त्याचा फोन आला, टूल जागोजागी अडखळतंय, अ‍ॅक्रिलिक वितळून कडेला चिकटतंय, दुसरी फाईल असेल तर द्या. मशीन छोट्या छोट्या तुकड्यांच्या प्रत्येक जोडावर दिशा बदलायला वेग कमी करतं. टूल एका जागी घासत राहिलं की अ‍ॅक्रिलिक तापणारच. रेडियमच्या कटरचंही तेच. त्याच्या ब्लेडचं टोक मधोमध नसतं, ते मागे ओढलं जात जात स्वतःभोवती फिरतं. लांब, स्वच्छ वक्रावर ते सुतासारखं सरळ जातं. पावलोपावली दिशा बदलली की गचके खातं, कड करवतीसारखी होते आणि वेस्टेज काढताना कोपरे उचलून येतात. म्हणजे गिऱ्हाईकाला नोड दिसत नाहीत, पण नोडांनी केलेली कड दिसते. भर उन्हात दोन फुटांच्या अक्षरावर तर फारच दिसते.

माझी फाईल गेली, बोर्ड लागला. देवस्थानची माणसं खूश झाली तेव्हा मालकांनी त्यांना सांगितलं, मशीन नवी आहे म्हणून फिनिशिंग आलं. मी तिथेच उभा होतो. तेव्हा बोललो नाही, आज बोलतो: फिनिशिंग वेलांटीच्या त्या मोजक्या नोडांचं होतं.

ज्याला हे पटत नाही त्याने एक गोष्ट स्वतः करून बघावी. कोरलमध्ये कंट्रोल दाबून गोल काढा, कंट्रोल क्यू करून त्याचे कर्व्ह करा आणि शेप टूलने बघा. चार नोड. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक हँडल आडवं नाहीतर उभं आणि लांबी त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के. गणिताने बघितलं तर हे तंतोतंत वर्तुळ नाही, पण फरक त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांहून कमी आहे. दोन फूट व्यासाच्या गोलात तो एक दशांश मिलिमीटरही भरत नाही. आमच्याकडच्या कुठल्या मशीनला आणि कुणाच्या डोळ्याला तो सापडणार? चार नोडांत गोल होतो तर लोगोतल्या एका वळणाला चाळीस कशाला लागतात?

आणि नोड-हँडलची ही रेघ, म्हणजे बेझिए कर्व्ह, मुळात कारखान्यासाठीच जन्मली. फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्झोने १९५९ मध्ये हे गणित मांडलं, पण कंपनीने ते गुप्त ठेवलं. रेनोच्या पिएर बेझिएने १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे तेच केलं आणि जगासमोर आणलं, म्हणून नाव त्याचं लागलं. दोघांपुढे प्रश्न मोटारीच्या पत्र्याचे वळसे मशीनला कसे सांगायचे हा होता. थोडक्या बिंदूंत लांब वळण सांगता यावं हाच त्या शोधाचा मतलब.

आता हँडल. वक्र हँडलच्या टोकातून जात नाही, नोडमधून निघताना हँडलच्या दिशेने निघतो. त्यामुळे हँडलची दिशा म्हणजे वळणाची दिशा, आणि लांबी म्हणजे त्या दिशेचा जोर किती अंतर टिकणार. सुरुवातीला दोन नोडांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ठेवा, मग डोळ्याने कमी-जास्त करा. समोरासमोरची दोन हँडलं एकमेकांना ओलांडून जाऊ देऊ नका, तिथे वक्राला हमखास कुबड येतं. वळणात स्मूथ नोड घ्या, टोकदार कोपऱ्यात कस्प. सरळ रेषा वळणाला मिळते तो नोडही स्मूथच हवा, म्हणजे हँडल रेषेच्या ओळीत राहतं. नवशिक्यांचे निम्मे गचके याच सांध्यावर असतात. सिमेट्रिकल मी क्वचित वापरतो, कारण दोन्ही बाजू सारख्याच ताणलेल्या असं वळण अक्षरांत फारसं नसतं.

वक्र बसत नसेल तर नवा नोड घालायचा मोह होतो. आधी हँडल हलवा. दोन्ही हँडलं नीट लावूनही बसला नाही तरच नोड घाला.

कोरलमध्ये "रिड्यूस नोड्स"चं बटण आहे, इंकस्केप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल एल आहे. मालक शेवटी शेवटी तेच दाबायला सांगायचे. त्याने नोड कमी होतात, पण कुठला कोपरा मुद्दाम ठेवलाय आणि कुठला पोपड्यामुळे आलाय हे त्या बटणाला कळत नाही. खरे कोपरेही बोथट होतात. शिकायचं असेल त्याने या बटणाच्या नादी लागू नये.

ट्रेस सगळीकडेच वाईट असंही नाही. फ्लेक्सच्या मागे टाकायचा पोत असेल, कापायचं काही नसेल, तर खुशाल ट्रेस मारा. काळी शाई आणि पांढरा कागद असं मोठ्या रिझोल्यूशनचं स्कॅन असेल तर तो बराच बरा येतो. आणि लोगोतलं नाव एखाद्या फॉन्टमधलं असेल तर ट्रेस करू नका आणि हाताने काढतही बसू नका. तोच फॉन्ट शोधून टाईप करा, कर्व्ह करा.

कोरल की इंकस्केप हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. इकडच्या दुकानांत सीडीआर, म्हणजे कोरलचीच, फाईल मागतात, म्हणून नोकरीसाठी कोरल. घरी हात बसवायला इंकस्केप फुकट आहे आणि नोडचं काम त्यात उत्तम होतं. एन दाबून नोड टूल, शिफ्ट सी ने कस्प, शिफ्ट एस ने स्मूथ.

तुमच्या लोगोवर ट्रेस ठेवूनच काम करायचं असेल तर आधी त्यातल्या सरळ कडा बघा. ट्रेसमध्ये त्याही बऱ्याचदा किंचित वाकलेल्या असतात. त्यांच्या मधले नोड उडवा, तेवढा भाग निवडून "टू लाईन" करा आणि मग वळणांना हात घाला.