गाडी टेशलाच थांबली, पण चूक ड्रायव्हरची नाही

नमस्कार ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. म्हणजे तुम्ही नाशिकला राहता, मुंबईच्या ट्रॅव्हल एजंटकडून स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा एअरपोर्टपासून झरमॅट या डोंगरातल्या गावातल्या हॉटेलपर्यंत अशी ड्रायव्हरसकट मर्सिडीज व्ही-क्लास बुक केली, ९५ हजार भरले, व्हाउचरवर 'हॉटेलच्या दारापर्यंत' असं चक्क छापलेलं, आणि ड्रायव्हरने अलीकडच्या टेश गावात गाडी लावून सहा बॅगा खाली उतरवल्या. पुढे गुडघेदुखीवाल्या आईंना घेऊन ट्रेन, मग टॅक्सी. आणि आता एजंट म्हणतो तिकडचा सरकारी नियम आहे, आमच्या हातात नाही, रिफंड विसरा.

ड्रायव्हरवरचा राग आधी सोडा. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदीच आहे, बाहेरून येणारी कितीही महागडी गाडी साधारण ५ किलोमीटर अलीकडे टेशला थांबते, तिथून १२ मिनिटांची शटल ट्रेन आणि गावात छोट्या इलेक्ट्रिक टॅक्सी. बर्फामुळे ऐनवेळी रस्ता बंद झाला असता तर मीच तुम्हाला सोडून द्या म्हटलं असतं. पण ही बंदी काही त्या दिवशी सकाळी आलेली नाही, स्वित्झर्लंडच्या टूर विकणाऱ्याला ती माहीत असायलाच हवी.

तुमची बाजू नेमकी इथेच भक्कम होते. करार कायद्याचं कलम ५६ एजंट लोक 'अशक्य झालं, विषय संपला' एवढंच वाचतात, पण त्याचा तिसरा परिच्छेद सांगतो की कबूल केलेलं काम अशक्य किंवा बेकायदा आहे हे शब्द देणाऱ्याला माहीत होतं किंवा नीट चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि ज्याला शब्द दिला त्याला माहीत नव्हतं, तर भरपाई द्यावी लागते. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी आहेच.

एजंटच्या 'फक्त मुंबई कोर्ट' अशा अटीला घाबरू नका, याच ग्राहक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. गाडी पुरवणाऱ्या स्विस कंपनीला तक्रारीत पार्टी करू नका, पैसे एजंटने घेतले, शब्दही त्यानेच दिला, उगाच परदेशात नोटिसा पोचवण्यात वर्ष जाईल.

आता खरं सांगते, पूर्ण ९५ हजार मिळतील असं मला वाटत नाही, कारण टेशपर्यंतचा प्रवास तुम्ही केलात. त्यातला काही भाग, ट्रेन-टॅक्सीचा खर्च, आईंना झालेल्या त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा, ते मागणं टिकेल.

व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका आणि तो फोनही एवढ्यात विकू नका, कारण चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ (पुराव्याचा कायदा) याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं. ट्रेनची तिकिटं थर्मल कागदाची असतील तर आजच फोटो काढा, शाई उडते. या आठवड्यात एजंटला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलवरही टाका, आणि व्हाउचरची ती 'दारापर्यंत' वाली ओळ नोटिशीत जशीच्या तशी उतरवा.