कलाशाळेत न गेलेल्या डच कॉमिक-चित्रकाराचं घर कशावर चालतं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. हान्स क्रेसेसारखा माणूस कलाशाळेची पायरी न चढता नेदरलँड्समधला एवढा मोठा कॉमिक-चित्रकार कसा झाला? अशा लोकांचं घर कॉमिकवर चालायचं की जाहिरातींवर? आणि आज भारतात बसून तिकडचं काम करता येईल का? मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे: बहुतेकांचं घर दोन्हींवर चाललं, आणि बऱ्याचदा जाहिरातीचा वाटा जास्त होता. हे ते लपवत नाहीत. आपणच ‘कलावंत’ आणि ‘कमर्शियल’ असे दोन कप्पे करून बसतो.

क्रेसे १९२१ साली ॲमस्टरडॅममध्ये जन्मला. त्याचं पहिलं छापील काम म्हणजे टारझनची चित्रकथा. ती १९३८ पासून बालवीरांच्या एका मासिकात आली, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. अमेरिकन चित्रपट्ट्या, विशेषतः हॅल फॉस्टरचं काम, हाच त्याचा गुरू. पण नुसत्या नकलेने कुणी तयार होत नाही. १९४४ मध्ये तो मार्टेन टोन्डर या डच कॉमिक-चित्रकाराच्या स्टुडिओत दाखल झाला आणि खरी शाळा तिथे भरली. त्या स्टुडिओत चित्रपट्ट्या, ॲनिमेशन आणि जाहिरातपट एकाच छपराखाली चालायचे. पैसे देणारं गिऱ्हाईक आणि शेजारच्या टेबलावरचा जाणता माणूस दोघंही चूक लगेच दाखवत. ‘स्वयंशिक्षित’ या शब्दाचा अर्थ तिथे एवढाच घ्यायचा की पदविका नव्हती. शिकवणारे भरपूर होते.

१९४६ मध्ये त्याची ‘एरिक दे नोर्मान’ ही व्हायकिंग राजाची मालिका सुरू झाली. बेल्जियममधल्या ‘हेट लात्स्ते न्यूस’ या दैनिकातही ती येत असे. ती १९६४ पर्यंत चालली. दिवसाला तीन चौकटी आणि आठवड्याला सहा दिवस असा हिशेब धरला तर वर्षाला नऊशेच्या वर चित्रं होतात. अठरा वर्षं हे केल्यावर कुठल्या अकादमीचं प्रमाणपत्र मागणार?

या मालिकेचा एक विशेष तुमच्या लक्षात आला असेल: चित्रात संवादाचे फुगे नाहीत, सगळा मजकूर चौकटीखाली छापलेला. डच कॉमिकमध्ये ही पद्धत फार काळ टिकली, कारण पालक आणि शिक्षकांना फुगेवाली चित्रकथा म्हणजे वाचनाचा नाश वाटायचा. १९४८ मध्ये तर शिक्षणमंत्री रुटेन यांनी शाळांना पत्र पाठवून स्वस्त चित्रकथांच्या पुस्तिकांपासून मुलांना दूर ठेवायला सांगितलं. खाली भरपूर मजकूर असलेली पट्टी त्या मानाने घरंदाज समजली जाई.

चित्रकारासाठी मात्र हा प्रकार अवघड आहे. मजकुरात ‘एरिकने तलवार उपसली’ असं लिहिलेलं असताना चित्रातही तलवार उपसणारा एरिकच काढला तर चौकट फुकट गेली. म्हणून क्रेसे चित्रात वेगळं काहीतरी सांगतो: उजेड कुठून येतोय, समोरच्याची पावलं मागे सरकली आहेत का, आभाळ कसं आहे. शिकायचं असेल तर त्याची एक पट्टी घ्या, मजकूर झाका आणि नुसत्या चित्रांवरून प्रसंगाचा ताण कळतो का ते बघा. मग चित्रं झाका आणि मजकूर वाचा. दोन्हींत तेच तेच आलं असेल तर पट्टी कच्ची.

त्याच्या ब्रशकामाचं कौतुक सगळे करतात, पण त्यामागे छापखानाही होता. त्या काळी वर्तमानपत्रात रेघांचं चित्र छापायचं तर झिंकचा ब्लॉक, म्हणजे ॲसिडने कोरलेला जस्ताचा ठसा, करावा लागे. मूळ चित्र मोठं काढायचं, समजा छापायच्या मापाच्या दीडपट, आणि कॅमेऱ्याने लहान करून ब्लॉक घ्यायचा. म्हणजे ०.३ मिमीची रेघ छापताना ०.२ मिमी होते. बारीक रेघ ॲसिडमध्ये खाल्ली जाते, आणि दोन रेघांमधली अरुंद फट उलट भरून जाते, कारण वर्तमानपत्राचा कागद शाई पितो आणि शाई पसरते. नवख्याने पेनाने दाट जाळीदार छायांकन केलं की दुसऱ्या दिवशी पेपरात नुसता राखाडी डाग दिसायचा. ब्रशने ठळक काळं भरायचं, फटी मोकळ्या ठेवायच्या आणि छाया थोडक्या रेघांत आटपायची, हा त्यावरचा उपाय. क्रेसेचे काळेभोर जंगल नि समुद्र सुंदर आहेतच. ते वाईट कागदावरही टिकतात, हे जास्त महत्त्वाचं.

साठच्या दशकात गणित बदललं. ‘पेप’सारखी रंगीत साप्ताहिकं आली, फुगे सर्रास झाले. क्रेसेनेही तिथे एरिकच्या मुलाची, एर्विनची, गोष्ट फुग्यांसकट काढली. साप्ताहिकात साधारण दोन पानं क्रमशः येत आणि ४४ पानं झाली की अल्बम, म्हणजे त्या गोष्टीचं पुस्तक, निघे. म्हणजे एका अल्बमला बावीस आठवडे. एका पानावर आठ चौकटी धरल्या तर साडेतीनशे चित्रं. पेन्सिल, शाई, अक्षरं, रंग असं सगळं एकट्याने करायचं तर पानाला अडीच-तीन दिवस कुठेच गेले नाहीत. आठवडा तिथेच संपला. जाहिरातीतलं एक चित्र तेवढ्याच दिवसांत होतं, पैसे पानापेक्षा बरे मिळतात आणि पुढचा भाग देण्याचं बंधन नाही. कुठलाही व्यवहारी माणूस काय निवडेल?

याचं चांगलं उदाहरण म्हणजे रॉटरडॅमचा मार्टिन लोडवाइक, जन्म १९३९. १९६६ मध्ये ‘पेप’मध्ये त्याने ‘एजंट ३२७’ सुरू केला. हा गुप्तहेर हेन्ड्रिक आइझरब्रोट, जेम्स बाँडचा डच मध्यमवर्गीय चुलतभाऊ म्हणा. लोडवाइक जाहिरातींची चित्रंही करत होता, आणि दुसऱ्यांसाठी कथा लिहिणं हा त्याचा तिसरा धंदा. इंग्लिश चित्रकार डॉन लॉरेन्सच्या ‘स्टॉर्म’च्या बऱ्याच कथा त्याच्या आहेत. ऐंशीच्या दशकात ‘३२७’ थांबला तो नव्या शतकाच्या तोंडावर परतला. १९९९ मध्ये त्याचं २.५८ बाय ३.७ सेंटिमीटरचं एक पुस्तक निघालं, सोबत भिंग देऊन! वर वर पाहता गंमत, पण जाहिरातीत मुरलेल्या डोक्याचीच ही कल्पना: वस्तूच अशी करायची की तिची बातमी व्हावी. २०१७ मध्ये ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी ॲमस्टरडॅममध्ये याच एजंटवर छोटा ॲनिमेशनपट केला. पन्नास वर्षांपूर्वीचं पात्र असं पुन्हा चालतं, ते कुणाचं आहे याबद्दल घोळ नसेल तरच. हक्कांकडे पुढे येतोच.

तिसरा नमुना योस्ट स्वार्तेचा. त्याने आइंडहोवनला इंडस्ट्रियल डिझाइन शिकलं, कॉमिक मात्र स्वतःच्या हिमतीवर. टिनटिन या बेल्जियन कॉमिकच्या धाटणीला ‘क्लारे लेन’, म्हणजे ‘स्वच्छ रेघ’, हे नाव १९७७ मध्ये त्यानेच दिलं. या शैलीत सगळी रेघ एकाच जाडीची, छायांकन नाही, रंग सपाट. दिसायला सोपी आणि फसवी. जाडी सारखी असल्याने जवळचं-लांबचं कळत नाही, चित्र चपटं होतं. मग एकावर एक वस्तू ठेवून खोली आणावी लागते, मागच्या वस्तूंना फिकट रंग द्यावे लागतात, आणि दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकणार नाहीत हे पाहावं लागतं. एकतर नीट झाका नाहीतर नीट अंतर ठेवा. हीच रेघ पोस्टर, टपाल तिकीट, मासिकाचं मुखपृष्ठ, कुठेही चालते. स्वार्तेची गाडी तर थेट इमारतीपर्यंत गेली: हार्लेममधलं २००३ चं टोनेलस्खूर नाट्यगृह मुळात त्याच्या आराखड्यावरून उभं राहिलं.

आता तुम्हाला उपयोगी पडेल अशी एक छापखान्याची गोष्ट. कॉमिकमधली अक्षरं काळीच का असतात? चार रंगांच्या छपाईत निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटी असतात. एकच अल्बम फ्रेंच, डच, जर्मन असा निघायचा तर पहिल्या तीन प्लेटी सगळ्यांसाठी त्याच ठेवतात आणि काळी तेवढी भाषेप्रमाणे बदलतात. कास्तेरमानसारखे बेल्जियन प्रकाशक फ्रेंच आणि डच दोन्ही आवृत्त्या काढतात. कुणी हौसेने ‘धडाम’ लाल रंगात, चित्रातच मिसळून काढला की प्रत्येक भाषेसाठी चारही प्लेटी नव्या कराव्या लागतात, आणि प्रकाशक पुढच्या वेळी दुसरा चित्रकार शोधतो. डिजिटलमध्येही नियम तोच. रेघा आणि अक्षरं वेगळ्या थरावर, १२०० डीपीआयला (म्हणजे इंचाला १२०० ठिपके), निव्वळ शंभर टक्के काळ्यात आणि खालच्या रंगावर चढवून छापली जातील अशा. रंग ३०० डीपीआयला पुरतो. पडद्यावरचा काळा तसाच आपोआप रूपांतरित होऊ दिला तर त्यात चारही शाया शिरतात. प्लेट केसभर सरकली की रेघेच्या कडेला रंगीत झालर दिसते.

मूळ चित्रं विकायचा विचार असेल तर इकोलाइनपासून सावध. आपेलडोर्नच्या टालेन्स कंपनीचे हे बाटलीतले पातळ रंग डच चित्रकारांचे लाडके, छपाईत खुलतात, पण ते डायचे, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचे, असल्याने उजेडात उडतात. भिंतीवर लावायचं चित्र पिगमेंटच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या भुकटीच्या, रंगातच करा.

हक्क आणि पैसा. डच कॉपीराइट कायदा १९१२ चा आहे. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून केलेलं चित्र मालकाचं धरलं जातं, करारात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट निराळी. स्वतंत्र चित्रकाराचं चित्र त्याचंच राहतं. हक्क द्यायचे तर लेखी दस्त लागतो, तोंडी किंवा बिल भरलं म्हणून हक्क जात नाहीत. १ जुलै २०१५ पासून योग्य मोबदल्याची तरतूद आली, आणि काम अनपेक्षितपणे जोरात खपलं तर जास्तीचा वाटा मागण्याचीही. म्हणून तिथला सराईत चित्रकार दर सांगताना दोन भाग करतो: चित्र करण्याचे इतके, आणि वापरण्याचे इतके. वापरात माध्यम, देश आणि मुदत लिहिलेली हवी. ‘एक वर्ष, नेदरलँड्स, फक्त छापील’ आणि ‘कायमचं, जगभर, सगळीकडे’ यांची किंमत एकच असूच शकत नाही. दुरुस्तीच्या फेऱ्या किती, तेही लिहायचं. दोन ठीक, तिसरीचे पैसे वेगळे. कच्च्या आराखड्यावर होकार घेतल्याशिवाय शाई लावायची नाही. काम मध्येच रद्द झालं तर किती द्यायचे हे आधीच ठरवायचं. आणि मूळ कागद चित्रकाराकडेच राहील हे एक वाक्य विसरायचं नाही.

तिथे राहणारे चित्रकार बहुधा एकट्याचा व्यवसाय म्हणून नोंदणी करतात. वर्षाला किमान १२२५ तास व्यवसायाला दिले तर करात सवलत आहे, मात्र ती दरवर्षी कमी होत चालली आहे. वाचनालयातून पुस्तकं उसनी जातात त्याचाही थोडा मोबदला चित्रकाराला मिळतो, पिक्टोराइट ही संस्था तो वाटते. रक्कम लहान असते, पण जुन्या पुस्तकांवरही येत राहते.

तुमचा तिसरा प्रश्न: इथून काम मिळेल का? मिळतं. जाहिरात आणि शालेय पुस्तकांचं लवकर, अल्बमचं क्वचित. तिकडच्या जाहिरात-संस्थेला नमुने पाठवताना पंधरा शैली पाठवू नका. एकाच हाताची दहा-बारा चित्रं पाठवा, त्यात एक तरी संपूर्ण पान असू द्या, कारण माणूस चौकटीमागून चौकट तसाच दिसतो का हे पहिल्यांदा बघितलं जातं. सायकल नीट काढता येते हेही दाखवा. हसू नका, चुकीची साखळी आणि चुकीचं हँडल डच माणसाला लांबून ओळखू येतं.

आणि फुग्यांत जागा सोडा. इंग्रजी मजकूर मोजून फुगा काढाल तर डच मजकूर त्यात मावणार नाही. ती भाषा शब्द जोडत जाते: ‘जबाबदारीचा विमा’ याला त्यांच्याकडे २९ अक्षरांचा एकच शब्द आहे, आणि तो अरुंद फुग्यात मधेच तोडला की ओळ विचित्र दिसते. फुगा उंच करण्यापेक्षा रुंद करा, मजकुरापेक्षा पाव हिस्सा मोकळा ठेवा, आणि फुग्याच्या मागेही चित्र पूर्ण काढून फुगा वेगळ्या थरावर ठेवा. मग ज्याला हवा तसा त्याने हलवावा.