सी ड्राइव्ह लाल झालाय, आता काय करू?
वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप आणि मोबाइल

प्रश्न : नमस्कार सर, माझं अमळनेर तालुक्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. लॅपटॉप 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी (फाइली साठवायची डिस्क). सहा महिन्यांपासून एवढा स्लो झालाय की पोर्टल उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येतं. सी ड्राइव्ह पूर्ण लाल, एक जीबीसुद्धा शिल्लक नाही. दुकानवाला म्हणतो रॅम वाढवा नाहीतर फॉरमॅट मारा. काय करू भाऊ?

उत्तर : भाऊ, थांबा, रॅमला पैसे घालू नका आणि फॉरमॅट तर अजिबात नको. तुम्ही स्क्रीनचा फोटो पाठवला ते बरं केलं, कारण पत्रात जे लिहिलं नाही ते फोटोत दिसतंय. सी ड्राइव्ह 100 जीबीचा आहे, तो भरलाय, आणि शेजारी 138 जीबीचा डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा पडलाय. म्हणजे पुढच्या खोलीत कापूस छताला टेकलाय आणि मागचं गोडाऊन मोकळं, तसलं झालंय हे. (256 चे 238 च का दिसतात म्हणून घाबरू नका, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या, चोरी कुणी केलेली नाही.) आपल्याकडे दुकानात विंडोज टाकताना सी छोटा आणि डी मोठा करून द्यायची पद्धत पडून गेलीय, पण विंडोज, सगळी सॉफ्टवेअरं, डेस्कटॉप, डाउनलोड सगळं सी मध्येच जाऊन बसतं, त्यामुळे हे कधी ना कधी होणारच होतं.

आता स्लो का होतं ते. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची थोडी जागा रॅमसारखी वापरतं, त्याला पेजफाइल म्हणतात. सी मध्ये जागाच नसेल तर ती फाइल वाढणार कुठे? मग क्रोमचे दहा-बारा टॅब आणि स्कॅनर एकत्र चालू झाले की सगळं अडकतं, आणि दुकानवाल्याला वाटतं रॅम कमी आहे. माझ्या मते सी वर 20 जीबी तरी कायम मोकळे ठेवा.

काही डिलीट करायच्या आधी बघून घ्या नेमकं कोण बसलंय तिथे. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज असं गेलं की यादी येते. अजून बारकाईने बघायचं तर विझट्री नावाचं सॉफ्टवेअर घरगुती वापराला फुकट आहे, धंद्याच्या लॅपटॉपवर विनडिरस्टॅट घ्या, तेही फुकटच, ते कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दाखवतं. तुमच्या धंद्यात मी पैज लावतो, डाउनलोड फोल्डर सगळ्यात मोठा निघणार. लोकांचे सातबारे, आधारचे स्कॅन, फोटो, एकच पीडीएफ चार-चार वेळा. आणि इथे जागेपेक्षा मोठी गोष्ट आहे, दुसऱ्याचं आधार कार्ड तुमच्या लॅपटॉपमध्ये वर्षभर पडून राहणं बरं नाही. काम झालं, पावती दिली, की फाइल उडवायची, रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी, आणि रिसायकल बिनसुद्धा रिकामा करायचा, नाहीतर फाइल तिथेच असते आणि जागाही तिथेच अडकलेली असते.

मग डाउनलोड फोल्डरच डी वर न्या. डी मध्ये आधी डाउनलोड नावाचा एक नवा फोल्डर बनवा, मग जुन्या डाउनलोडवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि तो नवा फोल्डर निवडा. फोल्डर न बनवता नुसता डी निवडू नका हां, तसं केलं तर अख्खा डी ड्राइव्हच डाउनलोड म्हणून धरला जातो आणि नंतर ते निस्तरताना जीव जातो. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचंही असंच करता येतं.

त्यानंतर स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्स साफ करा. त्या यादीत डाउनलोडचाही एक चौकोन असतो, त्यावर टिक नाही ना ते आधी बघा. जुन्या विंडोजची फाइल दिसली आणि लॅपटॉप नीट चालत असेल तर ती काढा, तिच्यातच बरीच जागा सुटते. हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद करायची सोय) वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पॉवर आणि त्याला चिकटून सीएफजी, मग स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ असं इंग्रजीत टाइप करा, 8 जीबी रॅमवर साधारण 3 जीबी मोकळे होतात. फास्ट स्टार्टअपही त्याने बंद होतं, एसएसडी असल्यावर फार काही बिघडत नाही. सी मधल्या विंडोज फोल्डरला मात्र हाताने हात लावायचा नाही, त्यातला विनएसएक्सएस नावाचा फोल्डर कितीही मोठा दिसला तरी नाही.

डी तोडून सी वाढवा असंही कुणीतरी सांगेल. विंडोजच्या स्वतःच्या टूलने ते तेव्हाच होतं जेव्हा मोकळी जागा सी ला अगदी लागून असते, म्हणजे डी आधी पूर्ण उडवावा लागतो, आणि मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा तुकडा) निघालं तर तेही आडवं येतं. सीझनमध्ये हे धाडस कशाला.

प्रश्न : मी शिरपूरला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, काकांनी त्यांचा जुना लॅपटॉप दिलाय, 64 जीबी ईएमएमसी आणि 4 जीबी रॅम. विंडोज अपडेट दर वेळी फेल होतं, जागा नाही म्हणतं. मी बठ्ठं डिलीट करून बसलो. एसएसडी टाकून मिळेल का?

उत्तर : ईएमएमसी ही फाइली साठवायची चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते, काढून दुसरी बसवता येत नाही. काही मॉडेलमध्ये एसएसडीचा रिकामा स्लॉट असतो, खालचं झाकण उघडून दुकानात बघून घे, असला तर नशीब. नसला तर 64 मधले विंडोजला दिसणार 58-59, आणि त्यातले निम्मे तरी विंडोज आणि अपडेटच खाणार. अपडेटच्या वेळी 32 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावून बघ, जागा कमी असली की विंडोज बाहेरची डिस्क तात्पुरती वापरू का विचारतं.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला कमीत कमी 64 जीबी आणि 4 जीबी रॅम लागते, म्हणजे जागा आणि रॅमपुरता तुझा लॅपटॉप कागदावर काठावर पास, प्रत्यक्षात रडत चालणार. सी प्रोग्रामिंग, पायथन, नोट्स एवढ्यासाठी विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाक, 20 जीबीतही बसतं. कॅड शिकवणार असतील तर कॉलेजची लॅब वापर, या लॅपटॉपवर पैसे घालू नकोस. आणि मे महिन्यात पंखा जोरात ओरडला तर त्याचा स्टोरेजशी संबंध लावू नकोस, आपल्याकडचं ऊन आणि जाळीत अडकलेली कापसाची रुई, एवढं पुरे असतं.

प्रश्न : रावेरहून लिहितेय. लॅपटॉपमध्ये जागा करायची म्हणून वनड्राइव्हच्या फोल्डरमधले लग्नाचे फोटो डिलीट केले, वाटलं क्लाउडवर आहेतच. आता मोबाइलच्या वनड्राइव्हमध्येही दिसत नाहीत!

उत्तर : ताई, आधी ब्राउझरमध्ये वनड्राइव्हची वेबसाइट उघडून तिथला रिसायकल बिन बघा, पर्सनल अकाउंटला तिथे फाइल 30 दिवस राहतात. फोटो निवडून रिस्टोअर करा, हे आजच करा, बाकीचं वाचायचं नंतर. तो फोल्डर आणि क्लाउड एकच असतात, इकडून गेलं की तिकडूनही जातं. नुसती लॅपटॉपमधली जागा हवी असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस निवडायचं, मग फोटो क्लाउडवर राहतो आणि लॅपटॉपमध्ये फक्त नाव दिसतं, उघडायला नेट लागतं. फुकटात 5 जीबीच मिळतात, तेव्हा लग्नाच्या फोटोंची एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवरही काढून ठेवा.